दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा रस्ता

माझी काकू आमच्या मळ्यातली फुलं नाशिकला एका चौकात फुटपाथवर विकायची. दोन पाट्या आणि एक गोणपाट, एवढाच तिचा पसारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र गावोगावचा झेंडू येऊन पडे आणि रस्ता दिसेनासा होई. लोकल केबलचा बातमीदार कॅमेरा घेऊन नेमका त्याच दिवशी आला.

काकूने पदर सारखा केला. "तू इंग्रजी शाळेतली, तू बोल त्यांच्याशी." मी पाट्यांमागे सरकले. शाळेने मला इंग्रजीत गप्प बसायला शिकवलं होतं. मराठीत मी मुळातच गप्प होते.

'रस्ता गिळला कुणी?' अशी बातमी आली. दसऱ्यापुरती असती तर ठीक. पण ती दिवाळीनंतर चालली, संक्रांतीला चालली, पाडव्यापर्यंत चालली. तोच झेंडू, तीच कोंडी, फक्त मागचं संगीत दर वेळी जास्त भयंकर.

आमचे नगरसेवक चौकापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. गाडीचा हार रोज काकूकडूनच न्यायचे. महापालिकेच्या सभेत ते म्हणाले, "परिस्थिती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, कालच, टीव्हीवर." कुणी हसलं नाही. ठराव झाला, फुलवाल्या शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथवर गिऱ्हाईक जाईना. काकूची फुलं संध्याकाळी गाईपुढे पडू लागली.

मग तोच बातमीदार शेडमध्ये आला. आता बातमी होती 'फुलवालीचे अश्रू'.

"मावशी, पाट्या जरा मागं लपवा. रिकामं दिसलं पाहिजे. तुमच्यावर अन्याय झालाय."

"कोणी केला?"

"प्रशासनानं."

"आन् सहा महिने दसरा कोणी दाखवला?"

तो कॅमेऱ्याची वायर सोडवू लागला.

"ते जाऊ द्या," काकू म्हणाली. "आमच्या सायबांना दारातलं दिसत नाय, तुमच्या टीव्हीतलंच दिसतं. मग भाऊ, असं करा. मी चौकात दोन पाट्या घेऊन बसते, तेवढं दाखवा. लय दिवस दाखवा. म्हंजे मला माझी जागा परत देतील."

"पण मावशी, त्यात बातमी काय?" त्याला खरंच कळलं नव्हतं. "त्यापेक्षा थोडं रडता येईल का?"

"मला नाय जमत."

तो शेजारच्या गाळ्याकडे वळला. तिथल्या बाईला जमलं. पुढच्या सभेत तिच्या अश्रूंवर मोठी चर्चा झाली, नगरसेवकांचा कंठ दाटून आला, आणि चौकात बसायचा परवाना तिला शाल-नारळासकट मिळाला. त्यांच्या गाडीचा हार आता ती देते. काकू शेडमध्येच आहे.