दुसऱ्या भागातला पाऊस

काका तळहात उलटा करून समोरची वस्तू ढकलल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "बंडल!" नवं बियाणं, नवा आमदार, मी शिवलेला सदरा, सगळ्यांचा निकाल या एका शब्दात. नांदूरघाटात काकांचं खता-बियाण्याचं दुकान, शेजारी माझं टेलरिंगचं. असा शेजारी लाभला की माणसाला स्वतःबद्दल फार गैरसमज राहत नाहीत.

त्यांच्या तावडीतून एकच गोष्ट सुटली होती: दुकानातल्या कॉम्प्युटरवरचा शेतीचा गेम. त्यांची लेक शाळेत असताना दोघं तो मिळून खेळायचे. त्यात पाऊस दडी मारायचा, बोंडअळी पडायची, उभा कापूस जायचा. मग बापलेक पुन्हा नांगरणीपासून सुरुवात करायचे.

लेक शिकली आणि पुण्यात तोच गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. गेल्या दिवाळीला ती त्याचा अजून बाजारात न आलेला दुसरा भाग घेऊन आली. त्यावर ती दोन वर्षं राबली होती.

काका दुपारभर खेळले. पाऊस नाही? बटण दाबा, पाऊस. अळी पडली? दुसरं बटण. चित्रं अशी की ढेकूळसुद्धा चकाकत होतं.

"कसा वाटला, बाबा?"

मीच घाईघाईनं म्हणालो, "लई भारी झालाय, पोरी. पहिल्यापेक्षा भारी."

"मास्तर, तुमी तुमची काजं-बटणं करा," काका म्हणाले आणि लेकीकडं वळले. "बंडल हाय. पहिल्याच्या पासंगाला पुरत न्हाई. यात काय बी मरत न्हाई. मग जगलं त्याचं कौतुक कशाला करायचं?"

पोरगी डोळे पुसत घरी गेली. मला त्या माणसाची किळस आली.

"एक गोड शब्द बोलला असता तर जीभ झडली असती का?"

"खोटं बोललो असतो, तर पुन्हा तिनं मला कशाला इचारलं असतं?"

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "सांगा, काय काय न्हाई यात?"

दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत काका बोलले. पाणी तुटलं की कापसाचं पान आधी कसं मलूल होतं, पीक गेल्यावर माणूस बांधावर कसा उभा राहतो. तिथं ते उठून तसेच उभे राहिले. तिनं पेन थांबवलं.

"ते बी लिही," काका म्हणाले.

उन्हाळ्यात दुकान मोडून ते लेकीकडं गेले. परवा मी पुण्याला त्यांना भेटायला गेलो. कंपनीतली तीन पोरं फरशीवर मांडी घालून बसली होती आणि काका त्यांना गावाहून आणलेलं कापसाचं वाळकं झाड मुळापासून उलगडून दाखवत होते. लेक मागं उभी राहून ऐकत होती. माझ्याकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही.