समुद्रात पेरायचे राळे

परीक्षेच्या पेपरात द्यायच्या कविता बू मिरान बाई स्वतःच रचायची. पुस्तकातल्या कविता क्लासवाले मुलांकडून इतक्या घोकून घेतात, की ओळ वाचून संपायच्या आत मुलं 'रूपक' म्हणून मोकळी होतात.

जेजू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ती माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. मूळची इथलीच, समुद्रात बुडी मारून शंख काढणाऱ्या बाईची मुलगी. आईने शंख-कालवं विकून तिला शहरात ठेवलं, तिथे तिची बेटावरची बोली गेली. नवरा बुसानला राहतो, सणाला येतो, कधी सणालाही येत नाही. गावात तिला मान होता, पण बाजारात तिने तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. फार स्वच्छ बोलायची ती.

शिकवायची मात्र छान. "उपमेत दोन माणसं शेजारी बसतात," ती सांगायची. "रूपकात एक दुसऱ्याचा कोट घालतो."

"आणि परत दिलाच नाही तर, बाई?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"आमच्या आजीचा बुडीचा रबरी पोशाख तसाच आहे," ह्यॉन सोरिम म्हणाली. "काढायला दोघी लागतात. एकदा काढता येईना, तर आजी त्यातच जेवली."

वर्ग हसला. मिरानही हसली.

ही सोरिम म्हणजे आमच्या बुडीवाल्या बायकांची म्होरकी कांग आजी, तिची नात. आईबाप मुख्य भूमीवर कामाला, पोर आजीजवळ. शहरातल्या मोठ्या हायस्कूलात तीन वर्षांच्या गुणांच्या क्रमाने घेतात, आणि सोरिम बरोबर काठावर होती. आत गेली तर पुढे कॉलेज. नाही तर गावाजवळची शेतकी शाळा, आणि मग काय ते देव जाणे.

त्या वसंतातल्या परीक्षेत मिरानने पाच ओळींची कविता दिली आणि विचारलं, अलंकार नसलेली ओळ कोणती? पहाट दुलईसारखी होती, वारा दार ठोठावून हाका मारत होता, आईचे हात म्हणजे जुनी मुळं होती, लाटा कुजबुजत होत्या. आणि दुसरी ओळ होती, 'आई समुद्रातल्या शेतावर जाते.' मिरानच्या हिशोबाने उत्तर हेच. सरळ साधं वाक्य.

गावातल्या जवळजवळ सगळ्या मुलांनी तेच लिहिलं. सोरिमने तर विचारही केला नाही. आमच्याकडे समुद्राला शेतच म्हणतात. कुठल्या गावाचा खडक कुठे संपतो यावरून मारामाऱ्या झाल्या आहेत. शंख वाढायच्या दिवसांत कोणी हात लावत नाही, तण काढायला सगळ्या मिळून उतरतात. काठाजवळचा उथळ भाग म्हाताऱ्यांसाठी राखलेला, त्याला आजीचा समुद्र म्हणतात. तिथे तरण्या बाईने बुडी मारली तर तिची सोयरीकही तुटेल. आणि दरवर्षी वाऱ्याच्या देवीची पूजा झाली की बायका टोपलीत राळे, म्हणजे ते बारीक पिवळं धान्य, घेऊन समुद्रात मुठीमुठीने पेरतात, तळाशी शंख पिकावेत म्हणून.

राजधानी सोलहून येऊन स्थायिक झालेल्या घरांतली मुलं मात्र गोंधळली. त्यातल्या तेओची आई पेपर घेऊन शाळेत आली. कॉफीचं दुकान चालवणारी, नीटनेटकी बाई. सोबत तिने संत्र्यांची पेटीही आणली होती. आमच्याच गावची संत्री.

"बाई, राग मानू नका," ती म्हणाली. "पण समुद्रातलं शेत हे रूपक नाही तर काय? मग पाचही ओळींत अलंकार झाला. प्रश्नाला उत्तरच नाही."

"आमच्याकडे ते साधं बोलणं आहे," मिरान म्हणाली.

"परीक्षा तुमच्याकडची आहे की सगळ्यांची?"

मिरानने पेपर हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. पेपर काढताना तिला त्यात रूपक खरंच दिसलं नव्हतं. इतकी वर्षं शहरात घासून घासून जे धुऊन टाकलं असं तिला वाटत होतं, ते नेमकं पेपरात उमटलं होतं.

उपमुख्याध्यापकांनी तक्रारीवर बैठक ठेवली. प्रश्न रद्द झाला तर त्याचे गुण सगळ्यांना मिळणार होते, म्हणजे चुकलेली मुलंही वर सरकणार आणि सोरिम काठावरून बाहेर. गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानात कांग आजीने मिरानला गाठलं. "काय गं, आमच्या पोरीचं बरोबर आहे ना? तुझ्या आईबरोबर त्याच शेतात म्हातारी झाले मी."

"बरोबर आहे, आजी," मिरान म्हणाली. आणि तेव्हा तिला तसं वाटतही होतं.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ती आईकडे गेली. बैठकीत काय काय सांगायचं, पेरणी, तण, हद्दी, ते तिला आईच्या तोंडून नीट ऐकायचं होतं. आई चुलीशी मासा भाजत होती. मीठ घ्यायला मिरानने फडताळ उघडलं, तर राळ्याची पिशवी तशीच. गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"या वर्षी पेरले नाहीस?"

"नाही."

"का? पूजेला तर गेली होतीस."

"पूजेला गेले. पेरायच्या वेळी गुडघा दुखतो म्हणून घरी आले." आईने मासा उलटला. "तळ बघितला आहेस का तू? पांढरा पडलाय सगळा, शेवाळाचं पातं नाही. शंख खाणार काय, दगड? मागच्या वेळी उतरले तर रिकामी जाळी घेऊन वर आले. कोंबड्यांना घालेन हे राळे. त्या निदान अंडी देतात."

"पण तू तर रोज म्हणतेस, शेतावर जाते."

"म्हणायला काय जातंय? तुझा नवरा तुला घरधनीण म्हणतो. घरात असतो का?"

मिरानने मीठ आईपुढे ठेवलं. मासा जळायला लागला होता. तोही आईनेच उतरवला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तिला विचारलं गेलं. मांडायला तिच्याकडे पुष्कळ होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर ती गाठ मारलेली पिशवी होती. ती म्हणाली, "रूपकच आहे ते. माझी चूक झाली." तेओच्या आईने उठून दोनदा वाकून आभार मानले. प्रश्न रद्द झाला.

सोरिम तिला जिन्यात भेटली. रडली वगैरे नव्हती.

"बाई, आमच्या आजीने या वर्षीही पेरले," ती म्हणाली. "तुमची आई पेरण्याआधी निघून गेली, ते सगळ्यांनी बघितलं. तुमच्या घरचे राळे घरात राहिले म्हणून माझं उत्तर चुकलं का?"

"तसं नसतं, सोरिम. भाषेचे नियम..."

"मग दुकानात आजीला बरोबर आहे का म्हणालात?"

मिरानने तिच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, पण सोरिम एक पायरी खाली गेली होती.

संध्याकाळी ती आईकडे गेली, तर आई वाटच बघत होती. बातमी तिच्याआधी पोचली होती. "शेत नाही, असं सांगून आलीस?"

"तूच म्हणालीस, आई."

"मी चुलीपाशी म्हणाले!" आईने परडी आपटली. "ते माझं मी बघेन. तुझ्या नवऱ्याबद्दल मी काय काय बोलले तुझ्याजवळ, ते तू चावडीवर सांगशील का? उद्या बुडी मारून वर आले की मला त्या बायकांच्यात शेकोटीशी बसायचंय, अंग वाळवायचंय. कांगच्या तोंडाकडे बघू कशी?"

कांगने बघूच दिलं नाही. बुडीच्या दिवशी सगळ्यांना हाक जायची, मिरानच्या आईला जाईना. ती आपली आपण जायची, आजीच्या समुद्रात एकटी उतरायची, आणि वर आली की शेकोटीच्या कडेला, जिथे धूर येतो तिथे बसायची.

हिवाळ्यात शहरातल्या हायस्कूलची यादी लागली. सोरिमचं नाव त्यात नव्हतं. तिने शेतकी शाळेचा गणवेश शिवायला टाकला. तेओचंही नाव नव्हतं, पण त्याची आई त्याला घेऊन परत सोलला गेली. कॉफीच्या दुकानाला कुलूप लागलं.

पुन्हा वाऱ्याच्या देवीचे दिवस आले. पूजेच्या सकाळी मिरानच्या आईने नव्या राळ्याची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली.

"मी नाही जायची. पिकत नाही तिथे मी पेरणार नाही. पण आपल्या घरचं कोणीतरी गेलं पाहिजे. तू निस्तर."

मिरान शाळेच्याच कोटात गेली. वारा बोचरा होता. बायका ओळीने खडकावर उभ्या होत्या, सोरिम आजीची टोपली धरून. कोणी मिरानला जागा करून दिली नाही, म्हणून ती टोकाला, घसरड्या दगडावर उभी राहिली आणि पिशवीत हात घातला. मूठ किती भरायची, हेही तिला आठवेना.

कांग आजीने मान वळवली.

"बाई, जपून हं," ती मोठ्याने म्हणाली. "रूपक आहे ते. पाय घसरला तर ओल्या व्हाल."

बायका खदखदून हसल्या. सोरिम हसली नाही. ती टोपलीत बघत राहिली.

मिरानने मूठ उघडली. वाऱ्याने अर्धे राळे तिच्याच कोटावर उडवले. तिने ते झटकले नाहीत, दुसरी मूठ भरली.