वाट चुकवणारे साडूभाऊ

साडूभाऊ गेल्यावर त्यांच्या मुलीने खिडकीवाल्या काकांना विचारलं, "काका, बाबांबद्दल चार शब्द सांगा ना. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सांगण्यासारखी एकच गोष्ट सुचली. साडूभाऊ चहा गार करून पीत. आता तो त्यांना तसा आवडायचा की बोलण्याच्या नादात गार व्हायचा, हे काकांनी कधी विचारलं नव्हतं. अर्धं आयुष्य शेजारी बसून माणसाची एवढीच ओळख पदरात पडावी, याची त्यांना लाज वाटली.

दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूभाऊंकडे थोरली, काकांकडे धाकटी. नोकरीही एकाच ठिकाणी, राजधानीतल्या बसस्थानकामागच्या गल्लीत, एका दिवसाच्या सहली नेणाऱ्या कचेरीत. खोली इतकी चिंचोळी की एकाने खुर्ची मागे सरकवली तर दुसऱ्याला उठावं लागे. काका खिडकीत बसून तिकिटं फाडत. साडूभाऊ लोकांना गाडीत घालून, एरवी जिथे कोणी फिरकत नाही अशा जागा दाखवायला नेत. कचेरीत सगळे त्यांना 'चकवा' म्हणत, अगदी तोंडावर.

त्या नावाला कारण होतं. एकदा ते जुनं, बंद पडलेलं पंपघर दाखवायला निघाले आणि किराणा दुकानापाशी जो फाटा आहे तिथे भलतीकडेच वळले. गाडी एका माळावर जाऊन थांबली. शहरातून काढून टाकलेले रस्त्यावरचे दिवे तिथे रांगांनी आडवे करून ठेवलेले, आणि राखणदार डुलक्या घेत बसलेला. लोक खाली उतरले ते हरखूनच गेले. कुणाला आपल्या गल्लीतला दिवा सापडला, कुणाला शाळेसमोरचा. "याच्या उजेडात मी सायकल शिकलो," असं म्हणून एक गृहस्थ त्या खांबावरच बसून राहिले. पंपघराची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी लोक विचारायला लागले, "ती वाट चुकणारी सहल कुठली हो?"

मालकीणबाई व्यवहाराला पक्क्या. त्या साडूभाऊंना म्हणाल्या, "मग आता रोज चुका."

तेव्हापासून चुकणं हेच त्यांचं काम झालं. फाट्यावर गाडी थांबवायची, डोकं खाजवायचं, खाली उतरून दुकानवालीला रस्ता विचारायचा. ती म्हणायची, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथून पुढे गेलेच नाही." मग साडूभाऊ तिला हळूच डोळा मारत आणि ड्रायव्हरला डावीकडे वळायला सांगत. ड्रायव्हरला हुकूम होता की ते सांगतील तिकडे वळायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. इतर कुणी चुकलं की बोलणी बसत, साडूभाऊंना शाबासकी मिळे.

पुढे वय झालं तशी गाडी उशिरा परतायला लागली. कधी दिव्यांच्या माळाऐवजी लोक भलतंच काही बघून येत, एखादी कौलांची बंद भट्टी, नाहीतर बदकांनी भरलेलं तळं. खूशही असत. पण एकदा फारच वेळ झाला आणि एका बाईंचं दुपारचं औषध चुकलं. मालकीणबाईंनी काकांना आत बोलावलं.

"तुमचे साडू मुद्दाम चुकतात की खरोखर?"

"मला... नक्की नाही सांगता यायचं."

"मग एकदा गाडीत बसून बघून या. खरोखर विसरत असतील तर माणसं त्यांच्या हवाली करायला माझी छाती होत नाही. त्यांना घरी बसवावं लागेल."

काकांनी ते बायकोला सांगितलं, बायकोने बहिणीला. थोरली संध्याकाळी स्वतः आली. "भाऊजी, घरी बसले तर चार दिवसांत भिंतींशी बोलायला लागतील ते," ती म्हणाली. "काय असेल ते नीट बघा हो."

आयुष्यभर तिकिटं विकणारे काका त्या दिवशी पहिल्यांदा सहलीला गेले. साडूभाऊंनी त्यांना पुढे बसवलं आणि गाडीला सांगितलं, "हे आमचे साडू. याच माणसाने तुम्हाला तिकीट विकून फसवलंय." गाडी हसली. माणूस तर चांगला शुद्धीवर होता.

फाटा आला. साडूभाऊंनी डोकं खाजवलं, उतरून दुकानात गेले, परत आले. मग काकांच्या कानाशी वाकून म्हणाले, "साडूभाऊ, डावीकडे ना?"

काका गडबडले. हा खेळातला भाग की खरा प्रश्न? आणि खरा असला तरी काकांना रस्ता कुठे ठाऊक होता? खिडकीतून जेवढा दिसतो तेवढाच. ते नुसतं "हो" म्हणाले.

तेवढ्यात पाण्याची बाटली द्यायला दुकानवाली गाडीच्या खिडकीशी आली. ती काकांना हळूच म्हणाली, "आज त्यांनी खरंच विचारलं हो."

"कशावरून?"

"डोळा नाही मारला."

गाडी डावीकडे वळली आणि नेमकी दिव्यांच्या माळावर पोचली. परतताना साडूभाऊंनी वळून काकांकडे पाहिलं आणि डोळा मारला. काकांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"मग काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही कळलं नाही," काका म्हणाले. मग स्वतःच्याच आवाजाला दचकत पुढे म्हणाले, "मला रोज गाडीत बसू द्या. खिडकीत दुसरं कुणीही चालेल."

"म्हणजे आता दोघंही चुकणार," मालकीणबाई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

काकांनी ड्रायव्हरकडून सगळे फाटे पाठ करून घेतले, लोकांची औषधं, वेळा सांभाळल्या. रोज साडूभाऊ वाकून विचारत, "डावीकडे ना?" आणि काका सांगत, "डावीकडे." ते खरं विचारतात की गंमत करतात, हे विचारायचं रोज मनात येई आणि रोज राहून जाई. त्या हिवाळ्यात साडूभाऊ एका रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. आदल्या दिवसापर्यंत ते कामावर होते.

त्या आदल्या संध्याकाळी दोघं नेहमीसारखे कचेरीतून चालत निघाले होते. कोपऱ्यावर साडूभाऊ थांबले.

"तुमचं घर कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे," काका हळूच म्हणाले. "तुमचं सरळ पुढे."

"ते मला माहीत आहे. तुमच्या लक्षात आहे ना, ते बघत होतो."

"आहे."

"मग या. आणि उद्या मफलर घाला, माळावर वारा असतो."

"घालतो," काका म्हणाले.