माती कुठं टाकली?

जगातला कुठलाही तुरुंग आमच्या आतोबांना दाखवा. बशीतला चहा निवायच्या आत त्यातून बाहेर पडायच्या तीन वाटा ते सांगतील. चौथी विचारलीत तर म्हणतील, "ती जेलरला बी ठावं हाय, तिच्या नादी लागू नका." आता असं ज्ञान असलेला माणूस म्हणजे आत-बाहेर करून आलेला असेल, असं कुणालाही वाटेल. तर तसं काही नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. पोलीस चौकीची पायरीसुद्धा कधी न चढलेले. त्यांची उभी हयात विहिरी खोदण्यात गेली. आण्याच्या पठारापासून ओतूरच्या मळ्यांपर्यंत ज्या विहिरीत डोकावाल, तिच्या तळाला एकदा तरी आतोबा उभे राहिलेले आहेत. आता गुडघे कुरकुरतात म्हणून खोदकाम सुटलं, पण जमीन दिसली की हाताला खाज सुटायची ती सुटतेच. आणि नेमक्या अशा वेळी त्यांना ती मालिका भेटली.

झालं असं, की चाकणला कंपनीत असलेल्या मुलानं ओतूरच्या मळ्यातल्या घरी भिंत झाकेल एवढा टीव्ही आणून लावला. मुलाची कल्पना, वडील भजनं ऐकतील. पण सासुरवाडीला निघायच्या घाईत त्यानं भलतंच काहीतरी लावून दिलं. परदेशातला एक तुरुंग, त्यात आठ कैदी आणि आठही पळायच्या बेतात. सगळे गोरेपान, पण बोलायचे हिंदी. आतोबांनी ते आठजण एकदा पाहिले आणि भजनाचं बटण कुठंय हे आजतागायत विचारलेलं नाही. कैद्यांच्या म्होरक्याचं नाव त्यांनी पाटील ठेवलं, एका किडकिडीत कैद्याचं काडीपैलवान आणि जेलरचं भाऊसाहेब. मला फोन आला की कळायचं नाही, गावकीचं चाललंय का तुरुंगातलं. एकदा म्हणाले, पाटलाला काल लई मारला. मी निम्म्या वाटेत मोटरसायकल थांबवून विचारलं, कुणी, का, तक्रार दिली का. तर म्हणे भाऊसाहेबानं, साबण चोरला म्हणून.

मालिका ते कशी पाहायचे तेही सांगायला हवं. दुपारची जेवणं झाली की पायात चपला घालून बसायचे. घरात चपला कशाला, तर न जाणो त्या आठांबरोबर पळायची वेळ आली तर अनवाणी कुठं जा. आणि हातात रिमोट. दर दोन मिनिटांनी चित्र थांबायचं. कैदी चमच्यानं भुयार खणत असत, त्याला आतोबांची हरकत नव्हती. चिकाटी असली की चमचाही चालतो म्हणायचे. त्यांची हरकत मातीला होती. "चाळीस फुटाचं भुयार," ते मला समजावत, "म्हंजी खनल्यावर फुगून तीन ब्रास माती. तीन ट्रॉल्या. आन हे म्हंत्यात चड्डीच्या खिशातनं पटांगनात टाकली. मी म्हंतो, माती कुटं टाकली ते दाखवा, मंग फुडं चला." पडद्यावरच्या माणसांना पुढं चालणं भाग होतं. पण आतोबा उठून, पडद्यावर बोट ठेवून, त्या पटांगणात ढीग कुठं दिसतोय का ते शोधत.

या सगळ्यात आत्या शेजारी बसलेली असायची. ती मालिका बघायची नाही, लसूण सोलायची. फक्त कैदी भिंतीपाशी पोचले आणि छातीत धडधडायला लागलं, की मान वर न करता म्हणायची, "धरत्यात बघा आता मेल्यांना." आणि खरंच धरत. तिनं हे एवढं वाक्य म्हटल्याशिवाय आतोबांना भाग पाहिल्यासारखा वाटायचा नाही.

मग तो नाद टीव्हीबाहेर आला. जुन्नरला एका बँकेत म्हातारपणाच्या पेन्शनच्या कागदावर सही करायला मी त्यांना घेऊन गेलो. मी रांगेत. मागे वळून बघतो तर आतोबा भिंतीवर टिचक्या मारत चाललेत. रखवालदाराला म्हणाले, "राव, ही भित नऊ इंचीच हाय, हिच्यात सळई न्हाई. सांगून ठेवतो." रखवालदारानं त्यांना अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, आणि तेवढ्या वेळात आतोबांनी त्याला बाथरूमच्या खिडकीचीही कल्पना दिली. मंचरला भाचीच्या लग्नात पुढाऱ्यांची आशीर्वादाची भाषणं सुरू झाली, मुहूर्त टळायला आला, तेव्हा हेच आतोबा अकरा भुकेल्या पाहुण्यांना भटारखान्यातून, भांड्यांच्या मागनं, ओळीनं वाकवत थेट पंगतीत घेऊन गेले होते. एक म्हातारा काडीपैलवान मात्र घाबरून माघारी फिरला. त्याला त्यांनी अजून माफ केलेलं नाही.

असं सगळं आनंदात चाललं होतं, आणि मळ्यात बिबट्या आला. आमच्याकडं ऊस तिथं बिबट्या, याचं नवल कुणाला नाही. पण लागोपाठ तीन कुत्री गेली तशी माणसं देवळापुढं जमली. वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली आणि लावायच्या आधी तो सगळ्यांना दाखवला. मागच्या बाजूला लहान कप्पा, त्यात शेळी बांधायची. मध्ये जाळी, म्हणजे शेळीला इजा नाही. पुढं लांबट खोली. बिबट्या शेळीच्या वासानं आत शिरणार, त्याचा पाय पाटीवर पडणार आणि वरून लोखंडी दार धाडकन खाली येणार. आतोबा तो पिंजरा असा बघत होते, की सुनेला माप ओलांडतानाही त्यांनी इतक्या कौतुकानं पाहिलं नसेल. खरा तुरुंग, हाताच्या अंतरावर. आणि वनरक्षकानं विचारलं, शेळी कोण देतंय, तसे आतोबा भान हरपून म्हणाले, "शेळी माजी."

त्यांची शेळी कुठली आली? शेळी आत्याची. पुतळी तिचं नाव. आई मेलेलं करडू, आत्यानं बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. ती घरात कणगीपाशी झोपायची आणि आत्या देवाला निघाली तरी मागं मागं जायची. आतोबांनी तिला दोरी लावून नेली, तेव्हा आत्या काही बोलली नाही. आणि मग बोललीच नाही. एक दिवस नाही, चार दिवस. जेवायला वाढायची, चहा ठेवायची, सगळं वेळच्या वेळी, पण तोंडातून शब्द नाही. सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यापाशी पाणी घेऊन जायची. पुतळी चाऱ्याला तोंड लावत नव्हती. आमच्याकडं म्हणतात तेच खरं, शेळी दातानं मरत नाही, धसक्यानं मरते. इकडं दुपारी कैदी भिंतीपाशी पोचले, धडधड वाढली, आतोबांनी आशेनं आत्याकडं पाहिलं. ती लसूण सोलत राहिली. आतोबांनी टीव्ही बंद केला.

पाचव्या दिवशी मला फोन. "भाचेराव, ये. काम हाय. फोनवर सांगण्यासारखं न्हाई." जुन्नरच्या शाळेतलं माझं टेबल सोडून मी गेलो, तर आतोबांनी वहीत पिंजऱ्याचा नकाशा काढून ठेवला होता. वनरक्षक सकाळी येऊन गेला की दुपारी कुणी फिरकत नाही, आणि आज बाजाराचा दिवस, सगळा मळा ओतूरला. त्या वेळात पुतळीला काढायची आणि जागेवर कोंबडा बसवायचा. मी म्हटलं, सरळ सांगा ना खात्याला, शेळी नको, कोंबडा घ्या. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की माझी मलाच लाज वाटली. गावापुढं दिलेला शब्द माघारी घेणं हे त्यांना कुठल्याही गुन्ह्यापेक्षा वाईट वाटत होतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ती बोलंना रं."

आम्ही निघालो. मी, आतोबा आणि टोपलीखाली झाकलेला कोंबडा. पुतळीच्या कप्प्याला मागं बारकं दार होतं, त्याची तार मी पकडीनं सोडवली. पुतळी बाहेर, कोंबडा आत. दोन मिनिटांचं काम. आतोबांचा चेहरा पडला. म्हणाले, एवढंच? आठ कैद्यांना वर्ष झालं आणि हिचं दोन मिनिटांत? मग कमरेवर हात ठेवून पिंजऱ्याकडं बघत राहिले. बिबट्याचं वजन किती, पाटी कितीवर दबत असेल, बघू तरी, असं काहीतरी पुटपुटत वाकून पुढच्या दारातून आत गेले. मी "आतोबा" म्हणेपर्यंत धाडकन दार पडलं होतं.

ते दार काही मला उचललं नाही. कारकुनाचे हात, दाखल्यावर शिक्के मारणारे. पडताना कुठं तरी खोबणीत आडवं अडकलंही होतं. आतून आतोबा मात्र शांत. त्यांनी सुटकेच्या तीन वाटा सांगितल्या. तिन्ही पक्क्या होत्या, पण प्रत्येकीला एक चमचा आणि किमान सहा महिने लागत होते. शेजारच्या कप्प्यात कोंबडा आरवत होता. एवढ्यात माझ्या लक्षात आलं, पुतळी कुठंय? ती दोरी ओढत केव्हाच घराकडं गेली होती. मी कांद्याच्या चाळीवर माणसं आणायला पळालो, तर बांधावर आत्या समोरून येत होती. एका हातात तांब्या, मागं पुतळी. शेळी एकटी घरी आली म्हणजे तिला सोडवणारा कुठं तरी अडकला असणार, हे तिनं ओळखलं होतं. माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता पुढं गेली.

चाळीवरचे दोन गडी घेऊन मी आलो, तेव्हा उसाच्या कडेनंच मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. मी गड्यांना हातानं थांबवलं. आत्या पिंजऱ्याला टेकून खाली बसली होती. गजातून आत दिलेला तांब्या आतोबांच्या हातात होता.

"शेळी देताना मला इचारलं व्हतं का?" आत्या म्हणाली. पाच दिवसांतलं तिचं हे पहिलं बोलणं.

"न्हाई."

"कसं वाटतंय आत?"

आतोबांनी तांब्यातलं पाणी घोटभर घेतलं. मग म्हणाले, "लई बारीक जागा हाय गं."

"मला हितं आणली तवा बी कुनी इचारलं न्हवतं. चाळीस वर्सं झाली. मी कदी बोंबलले का?"

यावर आतोबांनी जे विचारलं, ते फक्त आतोबाच विचारू शकतात. चेष्टेनं नाही, अगदी मनापासून. "मंग पळाली का न्हाईस?"

आत्या हसली. मला उसाआडून दिसलं. "कुटं पळू? बाई पळाली तर माह्यारी पळती. माजं माह्यार तर पान्याखाली."

हे मला ठाऊक असायला हवं होतं. आंबेगाव तालुक्यातलं आमचं मूळ गाव धरणात गेलं, तेव्हा मी लहान होतो. आम्ही जुन्नरला आलो, शाळा, नोकरी, आणि मी ते विसरूनही गेलो. आत्या तेव्हा सासरी होती, निरोप घ्यायलासुद्धा तिला कुणी नेलं नव्हतं. आणि आतोबांनी आजवर प्रत्येक भागात माती कुठं गेली हे विचारलं होतं, पळालेला माणूस जातो कुठं हे कधी विचारलं नव्हतं. ते गजाला कपाळ लावून बसून राहिले. एक गडी माझ्या कानाशी म्हणाला, चला की राव, मुकादम ओरडंल. मी म्हटलं, जरा दम धर.

मग आम्ही दार ओढून काढलं. गोष्ट लपण्यासारखी नव्हती. महिनाभर ओतूरच्या स्टँडवर आतोबांना लोक विचारत, पावणं, कदी सुटलात? वनरक्षक हसून म्हणाला, पिंजरा चालतो हे तरी कळलं, आणि कोंबड्यावरच राजी झाला. बिबट्या काही आला नाही. कोंबडा तेवढा जगला आणि तेव्हापासून तो घरात कुणाचंही ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी कैदी पुन्हा भिंतीपाशी पोचले, आणि लसूण सोलता सोलता आत्या म्हणाली, "धरत्यात बघा आता मेल्यांना." आतोबा एवढे खूश झाले, की माती विचारायची विसरले.

मे महिन्यात आतोबांचा पुन्हा फोन आला. धरणाचं पाणी उतरलंय, गाडी काढ. तिघं गेलो. वाळून भेगाळलेल्या गाळात जोती उघडी पडली होती, देवळाच्या पायऱ्या दिसत होत्या. आत्या न चुकता, कुणाला न विचारता, एका दगडी उंबऱ्यापाशी गेली. तो पदरानं पुसला आणि त्यावर बसली. मला वाटलं, आता आतोबा गाळ किती ब्रास ते सांगणार. ते चपला हातात घेऊन लांब उभे राहिले. घंटाभर झाला, ऊन कलायला लागलं, तशी मी घड्याळाकडं बघून निघायची खूण केली.

"बसू दे तिला," आतोबा हळूच म्हणाले. "माह्यारी आलीया ती."

मग मीही जाऊन आत्याशेजारी बसलो. उंबरा माझ्या वडिलांचाही होता.