कच्चा पैलवान

कॉलेजात असताना संध्याकाळी आम्ही गंगावेशीत दूध प्यायला जायचो. समोरच म्हशीची धार काढून पेला भरून देणाऱ्या त्या माणसाचे दोन्ही कान कुस्तीने चुरगळलेले होते. एकदा मी मित्रांना ऐटीत म्हणालो, "आपला कुस्तीतला चॅम्पियन लढतीसाठी बोट दाखवून मुद्दाम कच्चे पैलवान निवडतो, म्हणून जिंकतो."

त्याने धार थांबवली. "कच्चा व्हय मी? अर्धा तास झुंजवलंय त्येला!"

मी ओशाळलो. "मामा, तुम्ही लढलाय त्यांच्याशी?"

"हरलो की!" मांडी थोपटून तो मोठ्यानं हसला. "पर भरल्या मैदानात त्यानं बोट केलतं, ते माझ्याकडं!"

पुढे मी पदवी घेतली, तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जो आनंद पाहिला, तो त्याआधी मी फक्त त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला होता.