दगडावरचा शिपाई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आमच्या शाळेच्या शिपाईमामांचे आहेत. हे मी आईसमोरही सांगतो आणि तिलाही ते मान्य आहे.

बारावी झालो तेव्हा आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. वडिलांना ढोकीच्या साखर कारखान्यापलीकडचा रस्ताच ठाऊक नव्हता. आमच्याच वस्तीत राहणारे मामा मला एसटीनं कळंबला घेऊन गेले, ते शाळेच्या खाकी कपड्यांतच. प्रवेशाच्या खिडकीपाशी ही गर्दी. आतल्या कारकुनानं खाकी कपडे पाहिले आणि वरून कुणी सरकारी माणूस आला असं समजून, "या, या, आत या," म्हणाला. मामा आत गेले. त्यांनी काही खोटं सांगितलं नाही. त्यांनी काहीच सांगितलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "कापडात लई ताकद असती बघ." अशा रीतीनं मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आता कळंबलाच हायस्कूलमध्ये मराठी शिकवतो.

आमची वस्ती तेर आणि ढोकीच्या मधे, माळावर. वस्तीच्या स्मशानभूमीत लिंबाखाली मूळबाबाचा दगड आहे. पलटणीतून परत आलेला हा माणूस माळावर सगळ्यांत आधी राहिला, त्यानं विहीर खणली, मग बाकीचे आले. आम्ही सगळे त्याचेच. दगडावर एक माणूस कोरलेला, खांद्यावर लांबट काहीतरी. कारखान्याच्या भागात वाढलेली आम्ही पोरं तो ऊसच समजायचो.

यंदा स्मशानभूमीत शेड आली, तेव्हा कलंडलेला दगड सरळ करायचं ठरलं. मामा आता निवृत्त आहेत, म्हणून पुढारपण त्यांच्याकडं. माझा चुलतभाऊ ट्रॅक्टर चालवतो. त्यानं टँकर आणून दगड धुतला. ऊस निघाला बंदूक! आणि इतकी वर्षं मातीत गेलेल्या भागावर अक्षरं दिसली. मला बोलावलं गेलं.

मी वाचलं. नावाची जागा फुटलेली होती. त्याच्यापुढं स्पष्ट होतं : 'शिपाई'. खाली : 'येथे वस्ती केली'.

"वस्ती? एसटी करती तशी?" चुलतभाऊ म्हणाला. "म्हंजे बाबा मुक्कामाला आला आन् गाडी सुटलीच न्हाय!"

सगळे हसले, मामाही हसले. मग पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "शिपाई व्हय? मामा, तुमची पोस्ट खानदानी हाय की!"

"पर घंटा कुठं दिसंना," चुलतभावानं दगडाला प्रदक्षिणा घालत सांगितलं.

आता मामा हसत नव्हते. मी मास्तरी आवाजात म्हणालो, "अहो, जुन्या काळी सैनिकालाच शिपाई म्हणत."

"ते तुमाला ठावं, सर. ह्या पोरास्नी न्हाय."

मामा रागावले की मला सर म्हणतात.

दगडाखाली नवी फरशी बसवून त्यावर सगळ्यांना वाचता येईल असा मजकूर कोरायचा होता. शिकलेला म्हणून तो मी लिहायचा. वस्तीच्या बुद्धविहारात बैठक बसली. मामांनी सुरुवातीलाच सांगितलं, "सुभेदार लिव्हा."

"पण मामा, दगडावर तर..."

"दगड फुटलाय. फुटक्या भागात सुभेदार असंल."

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"सुभेदार कशाला, कर्नल करू की," चुलतभाऊ म्हणाला. "कोण तपासाया येतंय हितं?"

मामांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. "समदी नोकरी 'ए शिपाई, पाणी आण' ऐकण्यात गेली," ते म्हणाले. "म्हटलं, आपला बाबा तरी मोठा असंल. त्यो बी शिपाईच निघाला."

मी हळूच म्हणालो, "मामा, जे आहे तेच लिहू."

मामा उठले आणि तडक घरी गेले. रागाच्या भरात एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात चुलतभावाची घालून गेले.

त्यानंतर ते माझा फोन उचलेनात. आई माझ्यावरच चिडली. "ज्यानं तुला कॉलेजात घातलं, त्याला एक सुभेदार देता येईना तुला?"

बी.एड.ला असले प्रश्न कुणी शिकवत नाही. शेवटी मी कागद घेतला. चुलतभाऊ चप्पल बदलून आणायला जाणारच होता, त्याच्या हातीच पत्र दिलं.

आदरणीय मामा,

तुम्ही रागावला आहात, म्हणून लिहितो आहे. पत्र निदान मधेच कट होत नाही.

फरशीवर मी 'शिपाई' असंच कोरायला सांगितलं आहे. फक्त त्याआधी 'पलटणीतले' हा शब्द घातला आहे, म्हणजे कुणी घंटा शोधणार नाही. सुभेदार लिहायला मन होईना. दगडावर बाबा अनवाणी उभे आहेत. सुभेदाराला घोडा नसला तरी बूट तरी असते. आणि सुभेदार असते तर ते या मुरमाड माळावर कशाला आले असते? नदीकाठची काळी जमीन मिळाली असती आणि आपण सगळे आज बागायतदार म्हणून मिरवलो असतो. शिपाई असून त्यांनी खडकात विहीर खणली आणि माणसं बोलावून वस्ती बसवली. हे सुभेदारानं केलं असतं तर आपण एवढं कौतुक केलं असतं का?

मला लोक विचारतात, तुम्हाला कॉलेजात कुणी घातलं? मी दरवेळी सांगतो, आमच्या शाळेच्या शिपायानं. मुख्याध्यापकांनी घातलं, असं म्हणालो तर ऐकायला भारदस्त वाटेल, पण मग त्यात तुम्ही उरणार नाही. माझ्या तोंडून तो शब्द ऐकून आजवर कुणी हसलेलं नाही. बाबांच्या बाबतीतही पोरं एकदाच हसली. आता ती त्या बंदुकीवरून भांडतात, कुणाच्या घराकडं तोंड आहे म्हणून.

फरशी रविवारी सकाळी बसवायची आहे. तिच्यावरचं कापड तुम्हीच काढायचं, असं वस्तीनं ठरवलं आहे. खीर आई करणार आहे, पण मामा आले तरच चूल पेटवीन, असं तिनं सगळ्यांदेखत जाहीर केलंय. तेव्हापासून सगळी वस्ती माझ्याकडं रागानं बघते आहे. या.

तुमचाच