गयासुद्दीनची देग

अकोल्याच्या जुन्या शहरात गयासुद्दीनची हातोडी आणि गयासुद्दीनची फुशारकी, दोन्हींचा आवाज मोर्णा नदीपलीकडे जायचा. तांब्याच्या भांड्यांचे पोचे काढायचे, कल्हई लावायची, हा त्याचा धंदा. हात सोन्याचा, पण जिभेला विसावा नाही. बायको कुलसुमबी शेजारणींना सांगायची, माणूस लाख आहे, फक्त मुका पाहिजे होता.

त्या वर्षांत कापसानं साऱ्या वऱ्हाडाला रडवलं होतं. एकट्यानं लग्न काढायची कोणाची छाती नव्हती, म्हणून बार्शीटाकळीला बिरादरीनं सामूहिक लग्नं ठरवली. साऱ्या मांडवाचा गोड भात शिजेल अशी तांब्याची देग एकच, कुलसुमबीच्या माहेरची. ती टेम्पोतून उतरवताना आपटली आणि पोटाला परातीएवढा पोचा पडला. लग्नं परवावर आलेली, म्हणून देग थेट गयासुद्दीनच्या दारात आली.

समोरचा चहावाला किसनराव सहज बोलून गेला, "चाचा, आता भट्टी पेटवा लागते."

"भट्टी कच्च्या हाताले लागते," गयासुद्दीन म्हणाला. "मी थंडाच काढतो."

ही बढाई दुपारच्या अजानच्या आत दोन गल्ल्या फिरून आली. आता माघार कशी घ्यायची? गयासुद्दीन सकाळपासून एकाच जागी ठोकत होता. अर्धा पोचा निघाला, मग तांबं हट्टाला पेटलं. आधी मऊ बोलणारी देग टणटण करू लागली, हातोडी उडून परत येऊ लागली.

तो आवाज ऐकून कहकशाँ बाहेर आली. ही त्याची भाची, भातकुलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, सुट्टीला आलेली.

"मामू, हात थांबवा. देग फुटते."

"तांबं का काच आहे, बेटा?"

मग तिनं मामूला समजेल अशा भाषेत सांगितलं. तांब्याचे अणू म्हणजे पंगतीत बसलेले पाहुणे. प्रत्येकानं आपला एखादा इलेक्ट्रॉन बिरादरीच्या हवाली केलेला. हे इलेक्ट्रॉन म्हणजे वाढपी. कोण्या एका ताटाचे नाहीत, साऱ्या मांडवात फिरतात आणि साऱ्यांना धरून ठेवतात. हातोडी बसली की रांग सरकते, शेजारी बदलतो, पण वाढपी तेच, म्हणून पंगत मोडत नाही. याच वाढप्यांमुळं तांबं चमकतं, वीज नेतं, बुडाला आच लागली की काठाला हात पोळतो. मिठाच्या खड्याचं तसं नाही. तिथं एक नवरा, एक नवरी असे आळीपाळीनं बसलेले. रांग जराशी सरकली की नवऱ्यासमोर नवरा येतो, दोघं एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो.

"मंग माझं तांबं काहून फुटंल?" मामूनं बरोबर पकडलं.

"तुमी सकाळपासून एकाच जागची पंगत ढकलून राहिले. रांगा एकमेकीत अडकल्या, आता कोणालेच सरकता येत नाही. अजून ठोकाल तर चिरते. आच द्या, सारे उठून नव्यानं रांगेत बसतात."

तांबं रुसलं की त्याला ऊब द्यायची, हे गयासुद्दीनला का माहीत नव्हतं? बापानं पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. अडचण तांब्याची नव्हती, समोर बशी पुसत बसलेल्या किसनरावाची होती. एवढ्यात कुलसुमबी दारात आली आणि हळूच म्हणाली, "देग फुटली तर माहेरी तोंड तुमी दाखवा. मी पोरीसंगं भातकुलीले चालली."

गयासुद्दीन उठला. कोळसा टाकला, भाता लावला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कल्हईसाठी पेटवून राहिलो."

"पोचा काढायच्या आधीच कल्हई?" किसनराव म्हणाला. साऱ्या गल्लीनं मान खाली घातली, हसू लपवायला.

पोचा लालसर होईतो तापला, मग निवला. पुढं हलक्या हातानं ठोकलं तर तांबं लेकरासारखं ऐकू लागलं. संध्याकाळी देगीला कुठं लागलं होतं ते कुलसुमबीलाही सापडेना.

बार्शीटाकळीला गोड भात भरपूर पुरला. किसनराव जेवून उठला आणि देगीला जिथं पोचा होता तिथं चमच्यानं टकटक करू लागला.

गयासुद्दीननं त्याचा हात धरला. "नको वाजवू, भाऊ. मोठ्या मुश्किलीनं पंगत बसवली."